मेंदूतल्या गाठी, बायोप्सीआधी गोळ्या आणि घरातली मांजर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. भाऊ अडतीस वर्षांचे. २०१६ पासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्यांवर, तब्येत चांगली. कामासाठी सुरतेला गेले आणि तिथे दोन वर्षं गोळ्या सुटल्या. महिनाभर डोकं दुखत होतं, मग बोलताना शब्द अडकायला लागले, उजव्या हातातून चहाचा कप निसटायला लागला आणि गेल्या आठवड्यात फिट आली. एमआरआयमध्ये चार-पाच गाठी दिसल्या, कडेनं अंगठीसारख्या उजळणाऱ्या. प्रतिकारशक्तीचा अंदाज देणारा सीडी-फोर पेशींचा आकडा ४२. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीविरुद्धच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपैकी आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. डॉक्टरांनी ‘टॉक्सो’ म्हणून मोठ्या डोसच्या गोळ्या सुरू केल्या, आज पाचवा दिवस. तुमचं म्हणणं असं की बायोप्सी करून गाठीचा तुकडा न काढता नुसत्या अंदाजावर मेंदूचं औषध कसं देतात? आयजीएम निगेटिव्ह असताना हा आजार कसा? एचआयव्हीच्या गोळ्या लगेच का दिल्या नाहीत? शिवाय वहिनी म्हणतात, घरातली मांजर आजच्या आज सोडून या.

मी मिरज-सांगली भागात वीस वर्षांहून जास्त काळ एचआयव्हीच्या रुग्णांवर उपचार करतो आहे. तुमच्या भावाचा एमआरआय मी पाहिलेला नाही, त्यांना तपासलेलंही नाही, म्हणून ‘हे टॉक्सोच आहे’ असं मी इथून म्हणणार नाही. पण डॉक्टर ज्या वाटेनं चालले आहेत ती वाट बरोबर आहे. तुम्हाला जे अंदाजावर चाललेलं औषध वाटतंय, ते या आजारात औषधही असतं आणि तपासणीही. हे एकदा लक्षात आलं की पुढचे दहा दिवस कशावर नजर ठेवायची तेही कळेल.

आधी आयजीएमचं बघू, कारण त्यावरून तुमचे नातेवाईक ‘हा आजारच नाही’ म्हणताहेत. टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी. १९०८ मध्ये ट्यूनिसमध्ये गुंडी नावाच्या एका कुरतडणाऱ्या प्राण्यात तो पहिल्यांदा सापडला, त्यावरून त्याचं आडनाव ‘गोंडाय’ पडलं. अर्धवट शिजलेल्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतून, मातीतून किंवा दूषित पाण्यातून तो माणसाच्या पोटात जातो. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. फार तर चार दिवस ताप येतो, मानेत गाठ येते आणि जाते. पण परजीवी जात नाही. स्नायूंमध्ये आणि मेंदूत बारीक कोष करून तो आयुष्यभर पडून राहतो. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या अंगात तो आत्ताही असेल. त्याला तिथेच दाबून ठेवण्याचं काम ज्या पेशींच्या जोरावर चालतं, त्यांचीच मोजणी म्हणजे सीडी-फोर. हा आकडा १०० च्या खाली गेला की कोष फुटू लागतात, ५० च्या खाली तर धोका फारच वाढतो. म्हणजे भावाला ही लागण आत्ता झालेली नाही. बहुधा बऱ्याच वर्षांपूर्वीची जुनी लागण आता उसळली आहे. आयजीएम नव्या लागणीत वाढतं, आयजीजी जुन्या लागणीची खूण म्हणून राहतं. त्यामुळे आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह हा रिपोर्ट टॉक्सोच्या विरोधात जात नाही. या रुग्णांत बहुतेक वेळा तो असाच येतो. काळजी उलट्या रिपोर्टची असते. आयजीजी निगेटिव्ह आलं असतं, तर मी दुसरी कारणं जास्त जोरानं शोधली असती.

आता गाठींकडे. कडेनं उजळणारी गाठ म्हणजे मधे मेलेला भाग, कडेला दाह, आणि त्या कडेतून एमआरआयचं औषध झिरपल्यामुळे दिसणारी कड. तिच्याभोवती सूज असते. एचआयव्ही नसलेल्या माणसात अशी गाठ दिसली तर आपल्याकडे डॉक्टर पहिल्यांदा टीबी आणि सिस्टिसर्कोसिस म्हणतील. सिस्टिसर्कोसिस म्हणजे डुकरातल्या पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत झालेले कोष. ती अंडी मटणातून येत नाहीत, माणसाच्या विष्ठेनं दूषित झालेल्या पाण्या-भाजीतून येतात, म्हणून जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसालाही हा आजार होतो. स्कॅनमध्ये कोषाच्या आत कृमीचं डोकं ठिपक्यासारखं दिसलं तर निदान सोपं होतं. पण तो आजार प्रतिकारशक्ती पडली म्हणून उसळणारा नाही. सीडी-फोर ४२ असताना अनेक गाठी, त्याही मेंदूच्या खोल भागात आणि वरच्या करड्या थरात, भोवती भरपूर सूज आणि आयजीजी पॉझिटिव्ह, एवढं जुळलं की पहिलं नाव टॉक्सोचं येतं. भावाचं बोलणं आणि उजवा हात एकाच वेळी गेला, म्हणजे डाव्या बाजूची एखादी गाठ जास्त त्रास देत असणार.

तरी आपल्या भागात टीबी विसरून चालत नाही. माझ्या वॉर्डात एकाच रुग्णाला दोन्ही असल्याचं मी पाहिलं आहे. म्हणून छातीचा एक्स-रे झाला का, खोकला किंवा मानेत गाठी आहेत का हे पाहिलं का, ते विचारा. दुसरी एक स्वस्त तपासणी म्हणजे रक्तातलं क्रिप्टोकॉकल अँटिजन. क्रिप्टोकॉकस ही बुरशी, परजीवी नव्हे, पण एवढ्या कमी सीडी-फोरला ती मेंदूच्या आवरणात शिरते, आणि ती असताना एआरटी घाईनं सुरू केली तर जिवावर बेततं. ही तपासणी राहिली असेल तर आज सांगून करून घ्या. पाठीतून पाणी काढायचं की नाही हे मात्र डॉक्टरांवर सोडा. मेंदूत गाठींचा दाब जास्त असेल तर ते धोक्याचं असतं. पाणी काढलं आणि त्यात टॉक्सोचा पीसीआर पॉझिटिव्ह आला तर निदान पक्कं होतं, पण निगेटिव्ह आला तर काहीच सिद्ध होत नाही. टॉक्सोच्या निम्म्या रुग्णांत तो निगेटिव्हच येतो.

राहिलं मोठं नाव, मेंदूतला लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर. बायोप्सी करायची ती मुख्यतः यासाठी. लिम्फोमाची गाठ पुष्कळदा एकटी असते, मेंदूच्या मधल्या पोकळ्यांच्या कडेला बसते. पुष्कळदा म्हटलं, नेहमी नाही.

मग लगेच बायोप्सी का नाही? कवटीला भोक पाडून सुई खोलवर न्यायची, रक्तस्राव होण्याचा थोडा का होईना धोका पत्करायचा, तुकडा मेलेल्या भागातून आला तर रिपोर्ट नुसताच ‘मृत पेशी’ असा येणार, आणि या सगळ्यात आठवडा जाणार. टॉक्सो त्या आठवड्यात थांबत नाही. याउलट टॉक्सोचं औषध सुरू केलं तर ज्यांना गुण येतो त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांना चौदा दिवसांच्या आत येतो. लिम्फोमा किंवा टीबीची गाठ या औषधानं अशी हटत नाही. म्हणून आम्ही औषध देतो, रोज तपासतो आणि दोन ते तीन आठवड्यांनी एमआरआय पुन्हा करतो. रुग्ण सुधारला आणि गाठी लहान झाल्या तर तेच निदान. दहा ते चौदा दिवसांत फरक नाही, किंवा त्याआधीच तब्येत ढासळत चालली, तर बायोप्सी. चार-पाच दिवसांत शुद्ध कमी व्हायला लागली तर मी चौदा दिवसांची वाट पाहत नाही. भाऊ सुरुवातीपासून कोट्रायमॉक्साझोल ही बचावाची गोळी रोज घेत असते आणि तरी हे झालं असतं, तर मला पहिल्या दिवसापासून शंका आली असती, कारण ती गोळी टॉक्सो बऱ्यापैकी थोपवते. पण तीही सुटलीच होती.

या कसोटीत एक गोष्ट घोटाळा करते, आणि तिच्याबद्दल मी जरा थांबून सांगणार आहे, कारण तिथे माझी स्वतःची चूक झालेली आहे. तुम्ही लिहिलंत की भावाला ‘सूज उतरवणारं इंजेक्शन’ चालू आहे. ते मॅनिटॉल आहे की डेक्सामेथासोन, हे विचारून घ्या. डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड. मेंदूची सूज जिवावर उठली असेल तर ते द्यावंच लागतं. पण स्टेरॉइडनं लिम्फोमाची गाठही काही दिवस आक्रसते, आणि कुठल्याही गाठीभोवतीची सूज उतरून रुग्ण बरा दिसतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण रुग्ण होता. टॉक्सोच्या गोळ्या आणि स्टेरॉइड मी एकाच दिवशी सुरू केलं. सहाव्या दिवशी तो उठून बसला, घरचे माझ्या पाया पडले, मी निदान पक्कं झालं असं लिहून टाकलं. बाराव्या दिवशी स्टेरॉइड बंद केलं आणि चौथ्याच दिवशी तो पुन्हा बेशुद्ध. बायोप्सीत लिम्फोमा निघाला, आणि स्टेरॉइडमुळे तो तुकडाही वाचायला अवघड गेला. ते दोन आठवडे त्याच्या वाट्याचे होते आणि माझ्या घाईनं गेले. तेव्हापासून स्टेरॉइड फार गरज असेल तरच देतो, लवकरात लवकर थांबवतो, आणि ते चालू असतानाच्या सुधारणेला मी सुधारणा मानत नाही. भावाला ते चालू असेल तर चौदा दिवसांचा हिशेब त्या प्रमाणात सावधपणे करा, एवढंच.

गोळ्यांविषयी. पुस्तकांत पहिलं औषध पायरिमेथामिन आणि सल्फाडायझिन, सोबत फोलिनिक अ‍ॅसिड. आपल्या बाजारात सल्फाडायझिन मिळवताना दमछाक होते, म्हणून बरेच डॉक्टर कोट्रायमॉक्साझोल मोठ्या डोसमध्ये देतात. तो कमी दर्जाचा उपचार आहे असं समजू नका. मी स्वतः बहुतेक रुग्णांना तेच देतो, ते स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावीही मिळतं. डोस वजनावर असतो. साठ किलोच्या माणसाला साधारण दोन डबल-स्ट्रेंग्थ गोळ्या सकाळी आणि दोन संध्याकाळी. इथे एक गफलत नेहमी होते. हीच गोळी एआरटी सेंटरमध्ये बचावासाठी रोज एक दिली जाते. घरी गेल्यावर जुन्या पिशवीतली चिठ्ठी पाहून कुणीतरी ‘रोज एकच’ म्हणतं आणि उपचार अर्धवट राहतो. हा मोठा डोस किमान सहा आठवडे. त्यानंतर कमी डोस चालू ठेवायचा, आणि एआरटीवर सीडी-फोर २०० च्या वर जाऊन सहा महिने तिथे टिकेपर्यंत तो थांबवायचा नाही. बचावाच्या रोजच्या गोळीसाठी आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातली मर्यादा याहून वरची, ३५० ची आहे, त्यामुळे सेंटरवर ती पुढेही चालू ठेवायला सांगतील. ते बरोबरच आहे.

ही सल्फाची गोळी आहे. आठव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास अंगावर पुरळ उठू शकतं. नुसतं पुरळ असेल तर डॉक्टर गोळ्या सावरून पुढे नेतात. तोंडात फोड आले, डोळे लाल झाले किंवा कातडी सुटायला लागली तर मात्र पुढची गोळी न देता त्याच तासाला वॉर्डात सांगा. दर आठवड्याला रक्तपेशी, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासत असतील. नसतील तर आठवण करा.

फिटच्या औषधाचं नाव पाहा. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन असेल तर डॉक्टरांना सांगा की पुढे एआरटीतलं डोल्युटेग्राव्हिर सुरू होणार आहे. ही दोन्ही औषधं डोल्युटेग्राव्हिरचं रक्तातलं प्रमाण खाली आणतात. लेव्हेटिरासिटॅमला ती अडचण नाही, म्हणून मी शक्यतो तेच देतो. न्यूरोचा वॉर्ड वेगळा, एआरटी सेंटर वेगळं, दोन्हीकडच्या चिठ्ठ्या वेगळ्या, आणि मधला हा दुवा कुणाच्याच लक्षात राहत नाही. तुम्ही ठेवा.

एआरटी लगेच का नाही? फक्त टॉक्सो असेल तर फार थांबायचंही नसतं. उपचार सुरू होऊन दोन ते तीन आठवड्यांत एआरटी सुरू करतात. एवढं थांबायचं कारण म्हणजे आधी गोळ्या अंगी लागाव्यात, गुण येतोय का ते स्वच्छ दिसावं, आणि क्रिप्टोकॉकस किंवा टीबीचा मेंदूज्वर नाही ना याची खात्री व्हावी. ते असतील तर एआरटी चार ते आठ आठवडे पुढे ढकलावी लागते, कारण प्रतिकारशक्ती एकदम परतली की मेंदूत दाह उसळतो. म्हणजे हा उशीर दुर्लक्षामुळे झालेला नाही. पण तिसरा आठवडा संपला आणि कुणी विषयच काढला नाही, तर तुम्ही काढा. एआरटी न देता टॉक्सोवर कितीही औषध दिलं तरी सीडी-फोर ४२ चा ४२ राहील आणि गोळ्या कमी केल्या की गाठी परत येतील.

दोन वर्षं गोळ्या सुटल्या याबद्दल घरात बोलणं चालू असेल. कृपा करून आत्ता नको. माझ्याकडे येणारे असे बहुतेक रुग्ण निष्काळजी नसतात. नवं गाव, नवीन रांग, तिथे आपल्या भागातलं कुणी भेटेल ही धास्ती, आणि अंगात काहीच त्रास नाही. त्यांना हेही माहीत नसतं की एका सेंटरवरून दुसऱ्या सेंटरला, दुसऱ्या राज्यातसुद्धा, रीतसर बदली करून घेता येते आणि औषध फुकटच मिळतं. तिथली माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं बंधनकारक आहे. एआरटी सेंटरनं दिलेलं भावाचं हिरवं पुस्तक घरात शोधा. नाही सापडलं तरी जुन्या सेंटरवर नोंद असते, तिथे जाऊन नाव पुन्हा चालू करून घ्या. शंका असेल तर १०९७ ही हेल्पलाइन आहे.

आणि मांजर. सोडून देऊ नका. मांजर या परजीवीचा मूळ यजमान आहे हे खरं. पण मांजर आयुष्यात बहुधा एकदाच, पहिल्या लागणीनंतर, एक ते तीन आठवडे विष्ठेतून त्याची बीजं टाकते, आणि ती बीजं बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मांजरीला हात लावून, ती मांडीवर बसून हा आजार होत नाही. वहिनींना सांगा, तिची घाण रोजच्या रोज उचलायची, भावानं नाही, दुसऱ्या कुणीतरी, हातमोजे घालून. घरात कुणी गरोदर असेल तर तिनंही नाही. मांजरीला कच्चं मटण घालायचं नाही. एवढं पुरे. त्यापेक्षा स्वयंपाकघराकडे लक्ष द्या. कुकरला शिट्ट्या देऊन शिजवलेल्या मटणातून काही येत नाही. अर्धवट भाजलेल्या कबाबातून, मटण चिरलेल्या पाटावर तशीच चिरलेल्या कोशिंबिरीतून येतं. शेतातली मेथी-कोथिंबीर तीन पाण्यांनी धुवा. शेळीचं दूध कच्चं देऊ नका. भावाला बागेत, शेतात हात घालायची सवय असेल तर नंतर साबणानं हात धुणं आलं.

हात पूर्ववत होईल का, हे तुम्ही शेवटी विचारलंत आणि बहुधा तोच तुमचा पहिला प्रश्न होता. हातातली ताकद दोन कारणांनी जाते, सुजेमुळे आणि मेंदूचा भाग मेल्यामुळे. सुजेमुळे गेलेली परत येते, मेलेल्या भागाची पूर्ण येत नाही. सुरुवातीला कुठली किती हे कुणालाच मोजता येत नाही. माझ्याकडे जत तालुक्यातल्या एक बाई होत्या, सीडी-फोर १८, हाक मारली तरी डोळे उघडत नव्हत्या, आणि घरच्यांनी गाडी ठरवली होती, शेवट घरी व्हावा म्हणून. दोन दिवस थांबायची मी विनवणी केली. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी नर्सकडे चहा मागितला. पुढे त्या भाकरी थापायला लागल्या, पण डाव्या हाताच्या बोटांत थोडा ताठरपणा कायम राहिला. सगळ्यांचं असं होत नाही. उशिरा आलेले, आधीच खोल बेशुद्धीत गेलेले काही रुग्ण आम्ही गमावतोही. तुमचे भाऊ बोलताहेत, गिळताहेत, औषध पाचव्या दिवशी चालू आहे, ही बाजू जमेची आहे. फिजिओथेरपी पलंगावरच, उद्यापासून सुरू करायला सांगा.

तुमच्याकडून एक काम हवं आहे. मी माझ्या रुग्णांकडून रोज सकाळी वहीत स्वतःचं नाव लिहून घेतो, ताकद गेलेल्या हातानं, खाली तारीख. राऊंडला डॉक्टर दोन मिनिटं पाहतात, कालचा आणि आजचा फरक त्यांना दिसत नाही. वहीत तो दिसतो. सोबत तीन गोष्टी लिहा: डोकं किती दुखलं, फिट आली का, आणि सकाळी त्यांनी तुम्हाला नावानं हाक मारली का. स्टेरॉइड चालू असलेले दिवस वेगळ्या शाईत लिहा. दहाव्या दिवशी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, बायोप्सीचं काय. आजचं नाव अजून लिहून घेतलं नसेल तर आत्ता घ्या. अक्षर वाचता आलं नाही तरी चालेल.